न पुसली जाणारी फाईल

वहीतली फसलेली कविता खोडायला पेनाचा एक फटकारा पुरतो. संगणकावरच्या अशाच एका कवितेने मात्र मागच्या महिन्यात मला जेरीस आणले. डिलीट करावे, की पडद्यावर इंग्रजी सूचना यायची. मी ती न वाचताच बंद करायचो आणि पुन्हा डिलीट दाबायचो.

भाचा आला. म्हणाला, "मामू, व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाकू." मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात आतून बायकोने विचारले, "आणि बाकीच्या कवितांचं काय?" पंधरा वर्षांचे लिखाण त्याच यंत्रात होते, दुसरी प्रत कुठेही नव्हती. ढेकूण मारायला मी गादी जाळायला निघालो होतो.

मग आम्ही शांतपणे बसलो. विंडोजमध्ये फाईल पुसली जात नाही, तेव्हा बहुधा ती दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते. खोलीत माणूस बसला असताना बाहेरून कुलूप कसे लावणार? प्रोग्रॅम बंद झालासा दिसला तरी कधी कधी आत चालूच राहतो. अशा वेळी हातातले काम सेव्ह करून संगणक रीस्टार्ट करावा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात. दुसरे कारण परवानगीचे. फाईल दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर असेल, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून आत शिरावे लागते.

माझे दुखणे यातले नव्हते. भाच्याने सूचना मोठ्याने वाचली: नाव फार लांब आहे! विंडोजमध्ये फाईलच्या पूर्ण पत्त्याला साधारणपणे 260 अक्षरांची मर्यादा असते, आणि त्यात बाहेरच्या सगळ्या फोल्डरांची नावेही धरतात. मला कवितेची पहिली ओळ अख्खी फाईलचे नाव म्हणून द्यायची सवय. त्यात आपली मराठी! 'किती' या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. यंत्र वेलांट्या वेगळ्या मोजून चार धरते. फोल्डरात फोल्डर होतेच. अलीकडे मी बाहेरच्या फोल्डरला भलेमोठे नाव दिले आणि मर्यादा ओलांडली.

उपाय अर्ध्या मिनिटाचा निघाला. बाहेरच्या फोल्डरचे नाव बदलून नुसते 'क' ठेवले. फाईल निमूटपणे गेली.

तेव्हा फाईल हटून बसली, तर आधी सूचना वाचा. इंग्रजी जड वाटले तर कुणाकडून वाचून घ्या. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरातली फाईल पुसू देत नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. यंत्राला ती लागत असते. आणि पुसण्याच्या नादात राखायचे विसरू नका. त्या संध्याकाळी मी सगळ्या कवितांच्या दोन प्रती काढल्या. एक पेनड्राईव्ह घरात आहे, दुसरा भाच्याकडे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)