जीवनसत्त्व ‘ड’ आणि शरीराचें संरक्षण

सूर्य हा आरोग्याचा दाता, ही श्रद्धा भारतांत फार जुनी आहे. तिला शास्त्राचा आधार कितपत आहे, हें जीवनसत्त्व ‘ड’च्या इतिहासावरून कळून येतें.

१९१९ सालीं एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञानें कुत्र्याच्या पिलांना विशिष्ट आहारानें मुडदूस होतो व कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो टळतो, हें सिद्ध केलें. त्या तेलांतील गुणकारी द्रव्याला १९२२ सालीं अमेरिकेंतील मॅककॉलम यांनीं ‘ड’ हें नांव दिलें. तें उन्हाच्या योगानें मनुष्याच्या त्वचेंतही तयार होतें.

पुष्कळ काळ हें सत्त्व केवळ हाडांचें पोषक मानलें जाई. २००६ सालीं लॉस एंजेलिस येथें निराळीच गोष्ट उघडकीस आली. क्षयाच्या जंतूची चाहूल लागतांच शरीरांतील भक्षक पेशी या सत्त्वाच्या साहाय्यानें कॅथेलिसिडिन नांवाचें जंतुनाशक द्रव्य निर्माण करितात. हेंच द्रव्य इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूलाही दुबळें करितें, असें पुढें प्रयोगशाळेंत दिसलें. मग या सत्त्वाच्या गोळ्या घेतल्या कीं पडशाखोकल्याची भीति उरणार नाहीं, अशी आशा वाटूं लागली.

परंतु परीक्षानळींत जें घडतें तें देहांत तसेंच घडेल असें नाहीं. २०१७ सालीं २५ चाचण्यांतील सुमारें ११,००० माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हां श्वसनरोगांपासून अल्पसें रक्षण आढळलें; पुढें अधिक चाचण्या जमेस धरल्यावर तो लाभही संशयास्पद ठरला. कोविडच्या साथींत नॉर्वेंत सुमारें ३४,००० लोकांवर झालेल्या चाचणींत कॉडचें तेल घेणारांना तो रोग कमी झाला नाहीं. ज्यांचें रक्त तपासलें, त्यांतील बहुतेकांच्या ठिकाणीं हें सत्त्व आधींच पुरेसें होतें.

समईंत तेल नसेल तर ज्योत विझते. पण भरल्या समईंत आणखी तेल ओतल्यानें ती मोठी होत नाहीं, तेल मात्र सांडतें. या सत्त्वाचेंही तसेंच आहे. तें चरबींत सांठतें, आणि अतिरेक झाल्यास रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो.

तेव्हां खरी निकड उणीव भरून काढण्याची आहे. मुबलक ऊन असूनही भारतांत ही उणीव सर्रास आढळते, कारण अनेकांचा दिवस घरांत वा कचेरींत सरतो. खिडकीच्या कांचेंतून येणारें किंवा सकाळचें अगदीं कोवळें ऊन या कामीं फारसें उपयोगी पडत नाहीं. सावली उंचीहून आखूड पडते, त्या वेळचें थोडें ऊन अंगावर घ्यावें, आणि उणिवेची शंका आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच औषध घ्यावें. हाडांचें बळ त्यानें राखलें जाईल. साथीच्या दिवसांत लशीची जागा मात्र तें घेऊं शकणार नाहीं.