तुझा गंधार चढतोय : ट्रान्ससाठी सॉफ्टवेअर सिंथ निवडताना

मी बोलतोय वाराणसीहून, ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या घरातून. इथं मराठी कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून राहतात. मागून घंटा, माकडं किंवा आजी, कुणाचाही आवाज आला तर सांभाळून घ्या.

नव्यानं ट्रान्स करू लागलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "दादा, कुठला सिंथ घेऊ?" सिंथ म्हणजे संगणकात चालणारा, सॉफ्टवेअर सिंथेसायझर. पूर्वी मी पटकन नाव सांगायचो. आता आधी तीन गोष्टी विचारतो. हे मला कसं सुचलं, तिथून सुरुवात करू.

सुरुवातीला माझ्याकडे साठेक सिंथ होते आणि एकाचेही पैसे भरलेले नव्हते. सगळे पेनड्राइव्हवरून आलेले. त्यांच्यावर मी सात मिनिटांचा एक ट्रॅक केला. खाली आजीचा तानपुरा, काळी एकमध्ये, तिनं स्वतः बसून छेडून दिलेला. वर यमनची सुरावट, वेग १३८. पुढे लॅपटॉप बिघडला, फॉरमॅट करावा लागला. प्रोजेक्टची फाइल मी जपली होती. उघडली, तर सिंथचे सगळे ट्रॅक मुके! ते सिंथ काही केल्या परत बसेनात. वाजत होते फक्त ड्रम आणि आजीचा तानपुरा. तीन महिन्यांचं काम गेलं, आणि चोरीच्या मालाची तक्रार करणार कुणाकडे?

म्हणून पहिला प्रश्न : हे गाणं पाच वर्षांनी उघडेल का? विकत घेतलेला किंवा अधिकृतपणे फुकट मिळणारा सिंथच वापरा. आणि ट्रॅक पूर्ण झाला की प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. सिंथ बंद पडला तरी आवाज हातात राहतो.

दुसरा प्रश्न : तुम्हाला नेमका कुठला आवाज हवा आहे? ट्रान्समध्ये ढोबळमानानं चार लागतात : भरदार लीड, तुटक वाजणारा प्लक, मागं पसरलेला पॅड आणि बेस. त्यातला भरदार लीड म्हणजे सुपरसॉ. १९९६ साली रोलंडच्या जेपी-८००० या वाद्यानं तो आणला. करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या सात लहरी एकाच सुरावर वाजतात. मधली सुरात, बाकीच्या थोड्या वर-खाली सरकवलेल्या. सात जणांनी एकदम 'सा' लावावा, पण कुणाचाच तंतोतंत जुळू नये, तसा तो रुंद आवाज. आज जवळपास प्रत्येक सिंथमध्ये 'युनिसन' आणि 'डीट्यून' ही दोन बटणं असतात, त्यांनी हेच होतं. त्यामुळे केवळ सुपरसॉसाठी महागडा सिंथ घ्यायची गरज नाही.

मात्र लॅपटॉपचा विचार करा. सात लहरी, चार सुरांची कॉर्ड, म्हणजे २८. तीन ऑसिलेटर चालू केले की ८४. आधीच्या कॉर्डची शेपूट विरली नसेल तर ती वेगळी. लॅपटॉप अडखळायला लागतो तो इथं. अशा वेळी तो ट्रॅक गोठवा, म्हणजे 'फ्रीझ' करा, आणि पुढे चला.

तिसरा प्रश्न आजीनं शिकवला. ट्रॅक गेल्यावर मी एक फुकटचा सिंथ उतरवला आणि तिच्या तानपुऱ्यावर यमन परत बांधायला बसलो. या वेळी साधा, एकाच लहरीचा लीड होता. आजी दारातून म्हणाली, "अरे, गंधार चढतोय तुझा." मी म्हटलं, "आजी, मशीन आहे, बेसूर कसं होईल?" ती म्हणाली, "तानपुऱ्यात ऐक ना, गंधार आहेच तिथं."

आता तुम्हीही ऐका. हेडफोन असेल तर लावा.

(इथे आधी नुसता तानपुरा, मग त्यावर सिंथचा गंधार ऐकवला आहे.)

तो थरथराट ऐकलात? तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून आपोआप गंधार उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तो ३८६ वर येतो. सिंथचा गंधार असतो ४०० वर, कारण तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. फरक फक्त १४ सेंटचा. पण काळी एकमध्ये तानपुऱ्यातला तो गंधार ६९३ हर्ट्‌झच्या आसपास वाजतो आणि सिंथचा ६९८ च्या पुढे. म्हणून सेकंदाला पाचेक हेलकावे ऐकू येतात. गेलेल्या ट्रॅकमध्येही हा दोष होताच. सात सरकवलेल्या लहरींच्या गर्दीत तो कळला नव्हता, इतकंच.

म्हणून तिसरा प्रश्न : या सिंथला सूर बदलून देता येतात का? सर्ज एक्सटी आणि व्हायटल या दोघांना येतात. 'स्काला' नावाची छोटी मजकूर-फाइल असते, तीत बारा सुरांची अंतरं लिहायची आणि ती सिंथमध्ये भरायची. तुमचा षड्ज कुठला, तेही सांगावं लागतं. पण जपून! ही सोय तानपुऱ्यावर एकच राग वाजवताना कामाची. कॉर्ड बदलत गेल्या की अंगाशी येते, कारण शुद्ध सुरांत रिषभ ते धैवत हे अंतर २२ सेंटनी आखूड पडतं. ट्रान्सच्या नेहमीच्या कॉर्डसाठी बारा सारखे भागच बरे.

आता नावं सांगतो. पैसे नसतील तर व्हायटल घ्या. तो २०२० साली आला. फुकट आवृत्तीत तयार आवाज कमी मिळतात, पण इंजिन तेच असतं. लहरीचा आकार पडद्यावर हलताना दिसतो, म्हणून शिकायला उत्तम. सर्ज एक्सटी पूर्ण फुकट आहे. आधी तो विकला जायचा. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्यानं त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. पैसे खर्च करायचेच असतील आणि जुन्या वळणाचा ट्रान्स करायचा असेल, तर साइलेंथ वन : चार ऑसिलेटर, प्रत्येकात आठपर्यंत आवाज, आणि लॅपटॉपवर भार कमी. आवाज सतत रूप बदलत राहायला हवा असेल तर सीरम. यातला एकच घ्या आणि निदान सहा महिने दुसऱ्याकडे बघू नका.

एकानं काय होणार, असं वाटत असेल तर चरणजित सिंग यांचं उदाहरण बघा. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी डिस्कोच्या तालावर दहा रागांची एक रेकॉर्ड केली. साधनं तीन : ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. तिच्यात आपल्या कानाला मींडेची आठवण होते. रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण त्याच ३०३ वर शिकागोत उभं राहिलेलं अ‍ॅसिड हाउस तिच्यानंतरचं. राग त्यांच्या कानात आधीच होते, म्हणून तीन यंत्रं पुरली.

तर आज एवढंच करा. सिंथमधले तयार आवाज बाजूला ठेवा, रिकाम्या पाटीवरून, म्हणजे 'इनिट'वरून, एक लीड बनवा आणि तानपुऱ्यावर गंधार लावून बघा. घरात कुणी गाणारं असेल तर त्यांना दारात उभं करा. माझा तो ट्रॅक परत पूर्ण झाला आहे, खाली तानपुरा तोच. आजीला ड्रम अजून आवडत नाहीत, पण गंधाराबद्दल तिची तक्रार नाही.