स्वसंरक्षण : आधी भान, मग काठी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या अंगणात आम्ही पोरापोरींना काठी शिकवू लागलो तेव्हा एका आजीने विचारले, "गुरुजी, सकाळी पंचशील म्हणायचं अन् संध्याकाळी काठी फिरवायची, हे कसं जमायचं?" प्रश्न खरा आहे. आज त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

संयुत्त निकायात डोंबाऱ्याची गोष्ट आहे. बांबूवर खेळ करणारा गुरू चेल्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. चेला म्हणतो, तसे नको. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, तरच दोघे धड खाली उतरू. भगवंतांनी चेल्याची बाजू योग्य ठरवली आणि सांगितले की स्वतःला राखणारा दुसऱ्यालाही राखतो. हे राखणे कशाने होते, तर सतीने. सती म्हणजे भान.

आता हे भान आपल्या हिंगोली जिल्ह्यात कुठे लागते ते बघा. पहाटे अंधारात सोयाबीन काढायला निघणाऱ्या बाया. वसमतच्या मोंढ्यात हळद विकून रोकड घेऊन परतणारा माणूस. तो चहाच्या टपरीवर नोटा मोजतो, तेव्हा चार डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. शेवटच्या एस.टी.तून फाट्यावर उतरणारी कॉलेजची पोरगी, दोन्ही कानांत मोबाईलच्या वायरी घातलेली. मागे कोणाची गाडी हळू झाली हे तिला कसे कळणार? वायर काढा, घरी फोन करून ठेवा, उजेडाच्या दुकानाशी थांबा. यात भ्याडपणा काही नाही. दहातली नऊ भांडणे इथेच टळतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि दहावे टळले नाही तर? विनयपिटकात नियम आहे : भिक्खूने रागावून दुसऱ्या भिक्खूला मारले तर तो पाचित्तिय दोष. पण कोणी छळत असता केवळ सुटका करून घेण्यासाठी प्रहार केला, तर दोष नाही. आजीबाई, तुमचे उत्तर हे. भिक्खूला जे चालते ते उपासकाला का चालू नये?

आपला कायदाही हेच बोलतो. पूर्वीच्या भारतीय दंड विधानात कलम ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, यांत स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क दिला आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही फार उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत ढकलाढकली झाली. आमच्या एका पोराची कॉलर धरली. त्याने शिकवल्याप्रमाणे हिसका देऊन मान सोडवली आणि सगळे सुखरूप वस्तीत आले. तिथे ते संपले होते. पण अर्ध्या तासाने चौघे काठ्या घेऊन परत गेले. एकाचे डोके फुटले. मग गुन्हा आपल्याच पोरांवर, आणि आपली मूळची तक्रार बाजूलाच पडली. त्यातल्या एकाचे नाव पोलीस भरतीच्या यादीत लागले होते, ते चारित्र्य पडताळणीत अडकले. त्याची आई आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. काठी आम्हीच शिकवली होती, थांबायचे शिकवले नव्हते.

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावरून परतलेली आपली माणसे मंडपात जेवत होती, काही गावाकडे निघाली होती, तेव्हा त्यांच्यावर लाठीहल्ला झाला. सरकारी बंगल्याजवळ आपले शेकडो लोक उलट चाल करायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि प्रकरण कोर्टात नेले. जून १९२७ मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी उलट चाल झाली असती तर पिंजऱ्यात कोण उभे राहिले असते, विचार करा.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. वडीलधारी सांगत, रात्री पाळीपाळीने जागायचे, लेकरं कुठल्या घरात गोळा करायची आणि सातबारा नि दाखले कोण घेऊन निघणार, हे आधीच ठरलेले असायचे. आज फोन हाती आहे, ११२ लावता येतो. "हद्द आमची नाही" असे सांगून कोणत्याही ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या, घडीवारी ट्रंकेत ठेवा.

दर रविवारी वंदनेनंतर अंगणात सराव असतो. पहिले पंधरा मिनिटे आनापान, मग पळणे, मग धरलेला हात सोडवणे, काठी सर्वांत शेवटी. मुली येतातच, आता त्यांच्या आयांनीही यावे. काठी घरून आणायची गरज नाही, विहारात आहेत.

नमो बुद्धाय, जयभीम.