बिनतारी दुवा आणि हजेरीचा खाडा



बिनतारी यंत्रावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. हा विषयही मी हौसेने शिकलो नाही. माणसांचा पगार कापला गेला म्हणून शिकावा लागला.

हकीगत अशी. आपल्या माटुंग्यातून मध्य रेल्वे जाते आणि पश्चिम रेल्वेही जाते. एका पेढीची कचेरी रुळांच्या अलीकडे, गोदाम पलीकडे. अंतर जेमतेम एक किलोमीटर. केबल टाकायची तर रस्ता खणायला महापालिकेची परवानगी हवी, रुळांखालून न्यायला रेल्वेची. मालकांनी सोपा मार्ग काढला. दोन्ही गच्च्यांवर एकेक तबकडी बसवली, तोंडे एकमेकींकडे केली आणि गोदामाचा हिशेब, हजेरीसकट, हवेतून कचेरीत जाऊ लागला. पाच गिगाहर्ट्झच्या आसपासचे काही पट्टे सरकारने २०१८ साली परवानामुक्त केल्यामुळे हे काम आता सोपे झाले आहे.

ही युक्ती आपल्या प्रांताला नवी नाही. १९२७ साली खडकीहून इंग्लंडशी बिनतारी तारांची सेवा सुरू झाली. लहरी चहूकडे न उधळता एका झोतात पाठवायच्या, हेच तिचे मर्म. संदेश खडकीहून सुटत आणि तिकडचे दौंडला घेतले जात. कारण शेजारीच कोणी मोठ्याने ओरडत असेल तर दूरची हाक ऐकू येत नाही. शब्द संशयास्पद आला, तर तार घेणारा तो पुन्हा मागवून घेई. हा रिवाज ध्यानात ठेवा.

आता आमच्या गोदामाकडे येऊ. जूनमध्ये दुवा वारंवार तुटू लागला. यंत्रावर अंगठा लावूनही कित्येकांच्या नावापुढे खाडा पडला आणि पगार कापून हातात आला. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, “पावसाला आम्ही काय करणार?”

मी वाचनालय गाठले. तिथे कळले की साठ-सत्तर गिगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस फार बाधतो. पण पाच-सहाच्या लहरींना, एवढ्या थोड्या अंतरात, जवळजवळ नाहीच. दुसरी गोष्ट कळली ती अशी. एका तबकडीवरून दुसरी दिसली म्हणजे झाले, असे नाही. दोघींच्या मधोमध, सरळ रेषेच्या सर्व बाजूंनी साडेतीन मीटरांच्या आसपास जागा बरीचशी मोकळी लागते. मग आम्ही दोघे-तिघे गच्चीवर चढलो. वाटेत एका इमारतीचे नवे बांधकाम चालले होते. तिची परांची वर आली होती आणि तिच्यावर भिजलेली ताडपत्री फडफडत होती. वारा आला की ती रेषेत येई. दोष पावसाचा नव्हता. वाटेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

तबकडी उंच खांबावर गेली आणि दुवा सुधारला. पण श्रोतेहो, आमचे भांडण तबकडीशी नव्हतेच. निरोप पोचला नाही, एवढ्यावरून माणूस आला नाही असे ठरवणारा कोण? दौंडचा तारवाला शंका आली तर पुन्हा विचारी. इथे कोणी विचारले नाही. फाटकावरच्या वहीत त्या दिवसांच्या सह्या होत्या. त्या पुढे केल्या तेव्हा कापलेला पगार परत मिळाला. शिवाय दोन गोष्टी मान्य झाल्या. हजेरी आधी गोदामातल्या यंत्रातच साठावी आणि दुवा जुळल्यावर पुढे जावी. आणि माणसाने वही पाहिल्याशिवाय खाडा धरू नये.

यंत्राला माझा विरोध नाही. रस्ता न खणता दोन जागा जोडणारी वस्तू चांगलीच आहे. परंतु जे यंत्र आपली हजेरी लिहिते ते कसे चालते आणि कुठे अडते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. नाहीतर प्रत्येक खाड्याला पाऊसच कारण सांगितला जाईल आणि आपण आभाळाकडे पाहत बसू. वाचनालये उघडी आहेत, आणि गच्चीचा जिना तर आपल्याच पायांखालचा आहे.