नव्याचे कणीस

(मंडळाच्या गणेशोत्सवात नव्याच्या पंचमीच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि जेवण व्हायचे आहे, अशा वेळी बोलायला उभे राहणाऱ्याने फार ऐटीत येऊ नये. आतून खतखत्याचा वास सुटला आहे. आमचे भाषण किती वेळ चालायचे ते त्या तिरफळांनीच ठरवले आहे.

अध्यक्षांनी विषय दिला, ‘सण आणि कृतज्ञता’. शब्द मोठा आहे. आमच्या तुयेच्या घरात तो कुणी कधी उच्चारल्याचे आम्हांला आठवत नाही. घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धतच नव्हती. लहानपणी शाळेतून शिकून आलो आणि आजीला पाण्याच्या तांब्यासाठी ‘थँक यू’ म्हटले, तर ती आमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघत होती. तेव्हा कृतज्ञतेवर तात्त्विक बोलणे आमच्याच्याने होणार नाही. आज पंचमी आहे, तर नव्यावर बोलू.

आपल्याकडे चवथीच्या दुसऱ्या दिवशी नवे आणतात, हे इथे सांगायची गरज नाही. सरकार त्या दिवशी सुट्टी देते, आणि आम्ही सरकारी नोकर असल्याने ती सुट्टी आम्हांला पक्की पाठ आहे. पण सुट्टी कशाची, हे आमच्याच कचेरीतल्या तरुण पोरांना विचारले तर ‘चवथीचा दुसरा दिवस’ एवढेच उत्तर येते. आमच्या घरी त्या पहाटे बाबा विहिरीवर अंघोळ करून ओल्या पंचानेच शेतात जात. बांधावर हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचा आणि भाताची मूठभर कणसे कापून ताटातून डोक्यावर घेऊन यायची. उंबऱ्याशी आई पायांवर पाणी घालून ओवाळायची. मग ती कणसे गणपतीपुढे. त्यातले चार दाणे नखाने सोलून पायसात पडत. बाकीची कणसे आंब्याच्या पानाबरोबर बांधून दाराला, भाताच्या कणगीला, तुळशीला, गोठ्याला, विहिरीच्या रहाटाला. घरात जे जे पोसते, त्या प्रत्येकाला एक कणीस. आभार मानणे म्हणायचे तर तेच, बोलून कुणी दाखवले नाही इतकेच.

यात एक अडचण असते, ती शेती केलेल्यांना ठाऊक आहे. पंचांग चंद्रावर चालते आणि भात पावसावर. चतुर्थी 2023 साली 19 सप्टेंबरला होती, तेव्हा कणसे पिवळी झालेली. 2020 साली ती 22 ऑगस्टला आली. अशा वर्षी दाण्यात नुसते दूध असते, चिमटीत धरले तर पांढरे पाणी येते. ज्योती किंवा जया पेरलेल्या शेतात तर काहीच नसते. ही 2020 ची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे फक्त आपल्यापुरते नाही. तिकडे सिंधुदुर्गात कित्येक घरी नवे दसऱ्याला बांधतात, कुठे कोजागिरीला नवान्न करतात. साष्टीत रायच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, ताळगावात 21 ऑगस्टला. पाद्री कणसांना आशीर्वाद देतात, माणसे ती घरी नेऊन आल्तारावर ठेवतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आपण करतो, 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्ताला त्यांच्याकडेही होतात. आमच्या कचेरीतले बार्देशचे एक सहकारी दर नाताळात कोन्सुआदचे ताट पाठवतात, त्यात नेवऱ्या असतातच. आम्ही चवथीला त्यांना नेवऱ्या पाठवतो. कुणाच्या नेवऱ्यांत सारण जास्त, यावर वीस वर्षे निकाल लागलेला नाही. पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे गेले, म्हणून नव्या काबिजादीत आमची चवथ शाबूत राहिली. जुन्या काबिजादीत इन्क्विझिशनच्या काळात लोकांनी पत्री आणि कागदावरचे चित्र पुजून ती टिकवली. आज दोन्हीकडच्या ताटांत तीच नेवरी आहे.

आता आमच्या शेताचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

तुयेत खाली नदीच्या अंगाला आमचे सहा कुणगे. कामुर्लीच्या फेरीबोटीकडे जाताना दिसतात. बाबा आणि काका दोघे मिळून करायचे. मग वाटणीवरून बिनसले. कुणाचे चुकले ते सांगणार नाही, कारण आमच्या बाजूचा माणूस आमच्या बाजूनेच सांगणार. काकांनी खालच्या अंगाला वेगळे घर बांधले, गणपतीही दोन झाले, कागद कोर्टात गेले आणि शेत पड राहिले. एकदा पड राहिले की बांध फुटतो, खारे पाणी शिरते, मग उरते ते गवत आणि मोर. पेडण्यातली किती शेते अशी भावाभावांच्या कागदांत बुडली आहेत, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरच्या अनुभवाने माहीत असेल. वर मोपाचा विमानतळ झाल्यापासून जमिनीला भाव आला, तेव्हा तडजोड आणखी लांबली. आम्ही या सगळ्याला विकास म्हणायला तयार आहोत, पण मूठभर कणसे म्हापशाच्या बाजारातून विकत आणावी लागली की तोंड कडू होते.

पहिल्या वर्षी आम्ही तशी आणली. आईने हातात घेतली, बघितली आणि गोठ्यात टाकली. म्हणाली, विकत घेतलेल्याला नवे म्हणत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून पंचमीला पहाटे ताटात कणसे तयार असत. कुठून आली विचारले, तर आई म्हणायची, शेजारणीने दिली. बाबाही खोलात गेले नाहीत. आम्ही तर अजिबातच गेलो नाही. दार सजले, फोटो काढले, पायस खाल्ले.

अशी अकरा वर्षे गेली.

धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. मूळ गोष्ट सुगीचीच. 1621 साली प्लिमथला आलेल्या इंग्रजांना तिथल्या वाम्पानोआग लोकांनी मका लावायला शिकवला, पहिले पीक हाती आले, आणि दोघे मिळून जेवले. पुढे 1863 साली लिंकनने यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत त्याला राष्ट्रीय सण केले. ज्यांनी मका शिकवला त्यांचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे वंशज 1970 पासून त्याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. एकाच जेवणाच्या दोन आठवणी.

त्या दिवशी टर्की भाजतात. आमच्या भावजयीची पंचाईत अशी की सण नेहमी गुरुवारी, आणि आमच्या घरात गुरुवारी शिवराक. पहिल्या वर्षी तिने शेजारच्या अमेरिकन कुटुंबाला जेवायला बोलावले आणि खतखते केले. तांबडा भोपळा, मक्याची कणसे, रताळी, सगळे तिथल्याच दुकानातले. तुरीची डाळ, खोबरे, गूळ. फक्त तिरफळे तुयेहून बाटलीतून गेलेली. पाहुणे म्हणाले, हे तर आमच्याच सणाचे जिन्नस! आणि खरेच होते. भोपळा, मका, रताळे, मिरची ही सगळी त्या खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि आपण त्यांना थेट गणपतीच्या नैवेद्यात बसवले. आपली हरमलची मिरचीसुद्धा त्याच वंशातली. नाहीतर खतखत्यात सुरण आणि केळे तेवढे उरले असते. क्रॅनबेरी म्हणून तिकडे आंबट फळ असते, त्याची भावजय आंबाड्यासारखी करम करते. आम्हांला अजून चाखायला मिळालेली नाही, पण भाऊ म्हणतो बरी लागते. भाऊ आपल्या बायकोच्या स्वयंपाकाला दुसरे काही म्हणणारही नाही.

जेवणाआधी ते टेबलाभोवती बसून प्रत्येकजण यंदा कुणाचे आभार मानायचे ते सांगतात. 2021 साली भावाने व्हिडिओ कॉल लावून आम्हांलाही त्यात ओढले. त्यांची गुरुवारची संध्याकाळ, आमच्याकडे शुक्रवारची पहाट, साडेपाच. आई चुलीपाशी पाणी तापवत होती. पुतण्याने शाळेचे, शिक्षकांचे आभार मानले. आम्ही लाजत लाजत काहीतरी म्हणालो. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मगे बाकीचे दिस काय करतास रे तुमी?’

सगळे हसले. पुतण्या ऐकेना, आजी तू सांगच. आई थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘काकीचे.’

‘कुठली काकी?’ भावाने विचारले.

‘खालच्या घरातली. इतकी वर्सां नव्याची कणसां कोण ठेवता जोत्यार?’

फोन भावाच्या हातात तसाच राहिला. आम्ही इकडे तसेच.

दरवर्षी पंचमीला पहाटे काकी वर येऊन मागच्या जोत्यावर केळीच्या पानात कणसे ठेवून जायची. काकांना ठाऊक नव्हते, बाबांनाही नव्हते. दोघी जावा अकरा वर्षे उघड एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आणि आम्हांला तेव्हा 2020 आठवले. त्या वर्षी 22 ऑगस्टला चतुर्थी, गावात कुणाच्याच शेतात दाणा भरलेला नव्हता, आणि आमच्या दाराला भरलेली पिवळी कणसे. महामारीमुळे कुणी आले-गेले नाही, म्हणून कुणी विचारले नाही. पण आम्ही तर घरातच होतो. तिथेच कळायला हवे होते.

त्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो. काकी पडवीत कुळीथ निवडत बसली होती. कचेरीत निरोप समारंभांना आभारप्रदर्शन आमच्याच गळ्यात पडते, पण तिथे तोंड उघडेना. ‘काकी, ते नवे...’ एवढेच म्हणालो. तिने वर न बघता विचारले, ‘चाय घेतलंस?’

चहा झाल्यावर तिने आपणहून परसात नेले. न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाते तिथे एका बाजेएवढा वाफा होता. कापलेल्या भाताचे खुंट अजून उभे होते. पाऊस यायच्या आधीच, मे महिन्यात, विहिरीचे पाणी घालून ती मूठभर भात पेरायची, म्हणजे चतुर्थी लवकर आली तरी दाणा भरलेला असावा. काकांना सांगायची, चिमण्यांसाठी. आम्ही विचारले, आमच्यासाठी एवढे का? ती म्हणाली, तुमच्यासाठी कशाला, त्या घरात मी लग्न होऊन आले, त्या दाराला बाजारातले नवे कसे चालेल?

आम्ही आलो तसे परत गेलो. आभार राहिलेच.

काकीला जाऊन आता दोन वर्षे झाली. कोर्टातला कागद अजून आहे, त्याची घाई कुणालाच नाही. पण गेल्या वर्षी आम्ही चुलतभावाला त्याच्या बायकोकरवी विचारले, दोन कुणगे पेरू का? त्याचा निरोप आला, ‘पेरा, पण सही मागू नका.’ आम्ही सरकारी माणसे, सहीशिवाय आमचे पान हलत नाही. पण या वेळी हलवले. बांध बांधला, ज्योती लावली. मोरांनी अर्धे खाल्ले, बाकी घरात आले. यंदा पुन्हा लावली आहे.

यंदाची चतुर्थी 27 ऑगस्टला, म्हणजे पुन्हा लवकर. आज पहाटे आम्ही बाबांसारखे पंचा नेसून शेतात गेलो. कणसे हिरवी, दूध सुद्धा धड नाही. तरी चार कापून घेतली. वर येताना खालच्या घराच्या अंगणात चुलतभावाची बायको उभी होती. म्हणाली, भावजी, वाफ्यातली भरली आहेत, ही घ्या. तो वाफा तिने मे महिन्यात पेरला होता. कुणी सांगितले नव्हते. तिने ती कणसे पुढच्या दारातून दिली, एवढे इथे मुद्दाम सांगतो.

आईने दोन्ही कणसे, हिरवी आणि पिवळी, एकत्र बांधली. ऐंशी वर्षांची आहे, गाठ अजून तीच मारते. मग एक जुडी हातात देऊन म्हणाली, ही काकीच्या दाराला बांधून ये. आम्ही गेलो. चुलतभाऊ बाहेर आला. आमच्याकडे न बघता त्याने चौकटीकडे बघितले, म्हणाला, खिळा सैल झाला आहे, आणि आत जाऊन हातोडी घेऊन आला.

मंडळी, पाने मांडायला घेतलेली दिसतात. थांबतो.