घरच्यापेक्षा पाहुण्याचे नाक खरे

जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन हमखास म्हणतात, ‘जुनी गाडी आहे, पेट्रोलचा वास यायचाच!’ हे वाक्य धोक्याचे आहे.

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनची एमजीबी पाहा. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. टाकी मागे, डिकीखाली. इंजिन पुढे. मधली नळी धातूची, पण सांधे रबरी. धातूचा गंज दिसतो. रबर मात्र गुपचूप म्हातारे होते. उष्णतेने ते कडक होते, त्याला भेगा पडतात. त्यात ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. जुन्या रबराला ते मानवत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. बंद गॅरेजमध्ये ती जमिनीलगत साचते. मग बटणाची एक ठिणगीही पुरते. आणि नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. वास गेलासा वाटतो, गळती चालूच असते.

उपाय साधा आहे. एकच नळी नव्हे, सगळ्या रबरी नळ्या एकदम बदला, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. क्लॅम्प, कार्बोरेटरचे वॉशर, टाकीच्या झाकणाचे रबरही तपासा. आपल्याकडेही आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. तेव्हा दारातल्या जुन्या स्कूटरलाही हाच न्याय. आणि घरी आलेला पाहुणा ‘पेट्रोलचा वास येतोय’ म्हणाला, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याचे नाक अजून सरावलेले नसते.