तंजावरचे पान

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मी तंजावरला एकटी जाऊन आले, याचे तुम्हांला कौतुक वाटले म्हणून आज मला बोलायला उभे केले आहे. देवळांची माहिती पुस्तकांत सापडते. ती मी सांगत बसत नाही. मी सांगणार आहे ते जेवणाविषयी आणि गप्पांविषयी.

निघताना घरच्यांना एकच काळजी होती, "एकटी जेवशील कुठे?" प्रश्न खोटा नव्हता. वयाची एकसष्ट वर्षे झाली, पण दुसऱ्याने रांधलेले, दुसऱ्याने वाढलेले, आणि तेही एकटीने बसून खाल्लेले जेवण मला आठवेना. बरोबर माणसे असली की आपण त्यांना वाढतो, त्यांच्याशीच बोलतो. शेजारच्या पानाकडे लक्षच जात नाही. एकट्या बाईला मात्र शेजारचे पान दिसते, आणि शेजारणीलाही ती दिसते.

तिथल्या साध्या खानावळीत बारा-साडेबाराला जावे. त्या वेळी घरंदाज कुटुंबे जेवायला येतात. केळीच्या पानाचे निमुळते टोक डावीकडे ठेवतात, पाणी शिंपडून पान पुसायचे, मग वाढप सुरू. आधी सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात. आपल्या वरणभातापासून ताकभातापर्यंतचाच हा रस्ता, फक्त वळणे निराळी. रसम पातळ, ते पानावरून पळते. शेजारच्या बाईंनी हसत हसत भाताचे आळे करून दाखवले. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण स्वयंपाकघरात जन्म घालवलेल्या दोन बायकांना आळ्याला भाषा कशाला लागते? "पोदुम्" म्हणजे "पुरे". हा शब्द पाठ करूनच जावे, नाहीतर वाढपी थांबत नाही. जेवण झाले की पान आपल्याकडे दुमडायचे.

दुसरा शब्द "साप्पिटाच्चा?" म्हणजे "जेवलात का?" तिथे भेटल्यावर हेच विचारतात. देवळाबाहेरच्या फुलवालीने मला रोज विचारले. ती कदंबम् विकते. अनेक रंगांच्या फुलांत मरवा गुंफलेली ही माळ तंजावरची खास. मोजायची ती कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे आपला "हात"च. तिचा हात माझ्यापेक्षा आखूड होता, हे मी खुणेने तिला दाखवले, तेव्हा ती इतकी हसली की चार बोटे माळ जास्तच मिळाली.

आता मुख्य गोष्ट. व्यंकोजीराजांनी इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापिले आणि १८५५ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले, हे आपण शाळेत शिकलो. मोठ्या देवळाच्या प्राकारात भोसले घराण्याची बखर १८०३ साली दगडावर कोरलेली आहे, मराठीत. मी ती अक्षरे लावून लावून मोठ्याने वाचीत होते, तो मागून कोणीतरी पुढचा शब्द वाचला. ऐंशीच्या घरातल्या एक बाई, नऊवारी नव्हे, कांजीवरम. पण बोलणे मराठी! तमिळ हेल, आणि मधूनच असा जुना शब्द, की वाटावे जुनी बखरच बोलते आहे. तिथे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आपल्यासारखेच. मीही त्यांना अक्काच म्हणू लागले. त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवायलाच बोलावले.

पानात डांगरपचडी होती. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी. माझी आजी डांगर करी तेच हे, आणि त्यांच्या घरीही आजीपासूनच चालत आलेले. सांबाराची गोष्टही त्यांनी सांगितली: राजाच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावाने सांबार झाले. "खरे का हो?" विचारल्यावर म्हणाल्या, "आम्ही सांगतो बाई, तू ऐक." सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचे मराठी पुस्तक मात्र खरेच आहे, सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापले आहे.

जेवणानंतर डबरा-टंबलरमध्ये कॉफी आली, आणि मग अक्का बोलतच राहिल्या. मुले परगावी. नातवंडांना मराठी समजते, पण उत्तर तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. मराठीत बोलायला एक धाकटी बहीण होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. "तेव्हापासून देवाशीच बोलते," म्हणाल्या, "पण तो काही विचारीत नाही." मी कुंभकोणमचा बेत रद्द केला आणि आणखी दोन दिवस दुपारी त्यांच्याकडेच गेले. आम्ही कशाविषयी बोललो? भाजणी, सासवा, गुडघे, ओटीत काय घालतात. मैत्रिणी विचारतात, "कुंभकोणमची देवळे राहिली ना?" राहिली. असू देत.

निघताना तमिळमध्ये "जाते" म्हणत नाहीत, "पोयिट्टु वरेन", म्हणजे "जाऊन येते" म्हणतात. मी ते तमिळमध्ये म्हटले, अक्कांनी मराठीत सांगितले, "ये हो."

डांगराचे पीठ त्यांनी डबाभर बांधून दिले होते. चहाच्या टेबलावर ते कालवून ठेवले आहे. तिखट जरा पुढे आहे, बेताने घ्या.